व्हेंच्युरीमीटरचा सीडी १ च्या वर जातोय? दोष कुठे आहे ते असं शोधा

व्हेंच्युरीमीटर म्हणजे मध्ये अरुंद होत जाणारा पाइपाचा तुकडा. रुंद तोंड (इनलेट) आणि अरुंद गळा (थ्रोट) यांतल्या दाबाच्या फरकावरून तो विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहणारं पाणी, सांगतो. प्रयोगशाळेत त्याच्या बिघाडाचं लक्षण नेहमीचंच. पंप चालू आहे, पाणी नीट वाहतंय, मॅनोमीटरमधला, म्हणजे दाब मोजणाऱ्या यू-नळीतला, पारा फरक दाखवतोय, पाच रीडिंग झाली. आकडेमोड केली आणि विसर्ग गुणांक, म्हणजे सगळे ज्याला नुसतं ‘सीडी’ म्हणतात तो, १.०४ निघाला. शेजारच्या गटाचा १.३७, त्यापलीकडच्याचा ३.४४. मग कुणीतरी स्टॉपवॉचचा आकडा दोन सेकंदांनी वाढवतं, ०.९८ ‘आणतं’ आणि प्रयोग संपतो. दोष मात्र जागच्या जागी राहतो आणि पुढच्या बॅचला पुन्हा भेटतो.

सीडी म्हणजे प्रत्यक्ष विसर्ग भागिले सैद्धांतिक विसर्ग. सैद्धांतिक विसर्ग काढताना घर्षण शून्य धरलेलं असतं. प्रत्यक्षात ते असतंच, म्हणून भागाकार १ च्या थोडा खाली राहायला हवा. तो वर गेला तर दोनपैकी एक गोष्ट झालेली आहे: टाकी भरायला लागलेल्या वेळावरून काढलेला, म्हणजे प्रत्यक्ष, विसर्ग खऱ्यापेक्षा जास्त निघाला, किंवा मॅनोमीटरवरून काढलेला, म्हणजे सैद्धांतिक, खऱ्यापेक्षा कमी.

एकटा आकडा मात्र यातलं काय झालं ते सांगत नाही. १.०४ हा नळीतल्या हवेमुळे येऊ शकतो, टाकी बाहेरून मोजल्यामुळे येऊ शकतो, थ्रोटचा व्यास चुकीचा धरल्यामुळेही येऊ शकतो. पाच रीडिंगचे पाच सीडी विसर्गाच्या चढत्या क्रमाने एकाखाली एक मांडले की दोषाची जात कळते. म्हणून सरासरी काढायची घाई करू नका. सरासरीत नेमका हा पुरावाच पुसला जातो.

उदाहरणासाठी धरलेली मापं

पुढचे सगळे आकडे एकाच मांडणीवरचे आहेत: इनलेट २५ मिमी, थ्रोट १२.५ मिमी, पारा आणि पाण्याचा यू-नळी मॅनोमीटर, ४० सेमी × ४० सेमी आतल्या मापाची मोजणी टाकी. यंत्र ठणठणीत असेल तर सीडी ०.९७ येतो असं धरलं आहे.

सैद्धांतिक विसर्ग = क्षे१ × क्षे२ × √(२ × ग × ह) ÷ √(क्षे१² − क्षे२²)

इथे क्षे१ इनलेटचं क्षेत्रफळ, क्षे२ थ्रोटचं, ग = ९.८१ मी/से², आणि ह हा दाबातला फरक मीटर पाण्याच्या स्तंभात. मॅनोमीटरवर पाऱ्याच्या दोन पातळ्यांमधला फरक क्ष असेल तर ह = १२.६ × क्ष. पाऱ्याची सापेक्ष घनता १३.६, पण पाऱ्यावर दोन्ही भुजांत पाणी उभं असतं, म्हणून १३.६ मधून १ वजा होतो.

क्ष = १०० मिमी असेल तर ह = १.२६ मी. क्षे१ = ४९०.९ मिमी², क्षे२ = १२२.७ मिमी². सैद्धांतिक विसर्ग ०.६३० लिटर/सेकंद, प्रत्यक्ष सुमारे ०.६११ लिटर/सेकंद. टाकीत १० सेमी पाणी चढायला, म्हणजे १६ लिटरला, साधारण २६ सेकंद लागतात. हे चार आकडे समोर ठेवा. तुमची मापं वेगळी असतील तर आपल्या मापांवर हीच आकडेमोड एकदा आधी करून ठेवा. वेळ २६ च्या जागी १२ सेकंद येत असेल तर ते तिथल्या तिथे कळतं, घरी जाऊन नाही.

पाण्याला हात लावण्याआधी: आकड्याचा ठसा ओळखा

आकडेमोडीतली प्रत्येक चूक सीडीला ठरावीक पटीत वाढवते किंवा घटवते. त्यामुळे पाचही रीडिंग एकाच पटीत बिघडलेली असतील तर बऱ्याचदा आलेला आकडाच चूक बोलून दाखवतो.

३.४४ च्या आसपास: १२.६ ने गुणायचं राहिलं. पाऱ्याचा फरकच ह म्हणून सूत्रात टाकला. १२.६ चं वर्गमूळ ३.५५.

३.०७: क्ष सेंटीमीटरमध्ये वाचला आणि मिलिमीटर समजून भागला. दहाचं वर्गमूळ ३.१६. उलटी चूक झाली तर ०.३१.

९.७: लांब्या सेंटीमीटरमध्ये, ग मात्र ९.८१. सेंटीमीटरमध्ये तो ९८१ हवा.

१.३७: क्ष निम्मा घेतला. मोजपट्टीचा शून्य मध्यभागी असेल तर एका भुजेत पारा ५० मिमी खाली उतरतो आणि दुसरीत ५० मिमी वर चढतो. क्ष म्हणजे दोन्हींची बेरीज, १०० मिमी. मोजपट्टी तळापासून सुरू होत असेल तर मात्र वजाबाकी. मोजपट्टी कुठल्या प्रकारची आहे हे तक्त्यावर पहिल्याच ओळीत लिहा.

०.२४: क्षेत्रफळ काढताना ४ ने भागायचं राहिलं.

०.९३: १२.६ च्या जागी १३.६. हा सगळ्यांत फसवा, कारण आकडा पटण्यासारखा दिसतो आणि कुणी शंका घेत नाही.

१.००: सूत्रातला छेद गाळला आणि सरळ क्षे२ × √(२ × ग × ह) घेतलं. व्यासांचं गुणोत्तर ०.५ असताना याने सीडी ३.३ टक्के वाढतो, गुणोत्तर ०.६ असेल तर ७.२ टक्के. इनलेटमध्ये पाण्याला आधीपासून वेग असतो, तो विसरल्याचा हा परिणाम.

०.६२: ही आकडेमोडीची चूकच नाही. एकाच बाकावर ऑरिफिसमीटरही (पाइपात भोकाची चकती बसवलेला प्रवाहमापक) बसवलेला असतो, मॅनोमीटर दोघांना सामायिक असतो, आणि उघडलेले कॉक ऑरिफिसचे असतात. दोन्हीचे व्यास सारखे असतील तर आकडा बरोबर ऑरिफिसचा निघतो. दोन्ही जोड्या एकाच वेळी उघड्या राहिल्या तर नळ्यांमधूनच पाणी फिरायला लागतं आणि मग आकड्याला काहीच अर्थ उरत नाही. नळी बोटाने टॅपिंगपासून (दाब घेण्यासाठी मीटरच्या भिंतीत पाडलेल्या छिद्रापासून) मॅनोमीटरपर्यंत धरत नेऊन खात्री करा. कॉकवरच्या चिठ्ठीवर भरवसा नको.

आणखी एक चूक आकडेमोडीत नाही, समजुतीत असते. व्हेंच्युरी तिरका किंवा उभा बसवलेला असेल तर दोन टॅपिंगच्या उंचीतला फरक वेगळा मिळवायचा नसतो. नळ्या पाण्याने भरलेल्या असल्या की यू-नळी दाब आणि उंची मिळूनचा फरक आपोआप दाखवते. बर्नोलीचं समीकरण (दाब, उंची आणि वेग यांचा मेळ घालणारं) पूर्ण लिहून मग मॅनोमीटरचा ह त्यात नुसत्या दाबाच्या जागी टाकला, तर उंची दोनदा मोजली जाते.

पाच आकडे कसे वाचायचे

आकडेमोड स्वच्छ निघाली तर सीडी विसर्गाच्या क्रमाने मांडा. तीनच आकृतिबंध असतात.

कमी विसर्गाला सीडी खूप वर, आणि विसर्ग वाढत जाईल तसा तो ०.९७ कडे उतरत येतो: मॅनोमीटरमध्ये ठरावीक मिलिमीटरची चूक आहे. जवळजवळ नेहमी हवा.

पाचही रीडिंगला सीडी सारख्याच टक्क्यांनी वर, म्हणजे १.०३, १.०४, १.०३ असा: भूमितीतली किंवा मापातली चूक. थ्रोटचा व्यास, टाकीचं क्षेत्रफळ, टॅपिंगच्या भोकाची कड, उलटा बसवलेला मीटर.

वर-खाली, कुठलाच क्रम नाही: वाचनाची चूक. स्टॉपवॉच, हलता पारा, स्थिर व्हायला न दिलेला वेळ.

हवा: पहिला आणि बहुतेक वेळा शेवटचा संशयित

टॅपिंगपासून मॅनोमीटरपर्यंतच्या नळ्या पाण्याने गच्च भरलेल्या असतात असं सूत्र गृहीत धरतं. इनलेटच्या बाजूने पाऱ्याकडे उतरणाऱ्या नळीत १० सेमी उंचीएवढी हवा अडकली, तर तेवढ्या पाण्याचं वजन पाऱ्यावर पडत नाही. १०० मिमी भागिले १२.६, म्हणजे क्ष सुमारे ८ मिमीने कमी दिसतो, आणि विसर्ग कितीही असला तरी तेवढाच कमी दिसतो.

८ मिमी किरकोळ वाटतात, पण परिणाम पाहा. खरा क्ष ४०, ८०, १२०, १६० आणि २०० मिमी असताना मॅनोमीटर ३२, ७२, ११२, १५२ आणि १९२ दाखवतो. सीडी येतात:

०.३८७ लिटर/सेकंद: १.०८
०.५४७ लिटर/सेकंद: १.०२
०.६७० लिटर/सेकंद: १.००
०.७७३ लिटर/सेकंद: ०.९९५
०.८६४ लिटर/सेकंद: ०.९९

सरासरी १.०२. ती पाहून वाटतं, दोन-तीन टक्क्यांची प्रायोगिक चूक आहे, चालायचंच. खरं तर पहिलं रीडिंग १२ टक्क्यांनी चुकलंय आणि शेवटचं २ टक्क्यांनी, आणि कारण एकच आहे.

हवा थ्रोटकडच्या उतरत्या नळीत असेल तर उलट होतं: क्ष जास्त दिसतो आणि कमी विसर्गाला सीडी खाली पडतो. नळी टॅपिंगपासून आधी वर चढून मग खाली येत असेल तर चढत्या भागातल्या हवेचा परिणाम उतरत्या भागातल्या हवेच्या विरुद्ध. त्यामुळे कुठल्या भुजेत हवा आहे याचा तर्क करत बसण्यापेक्षा दोन्ही बाजू धुऊन काढणं सोपं.

तपासणी एका मिनिटाची आहे आणि ती न करता पहिलं रीडिंग घेऊच नये. पंप चालू ठेवा, मीटरच्या पुढचा, म्हणजे बाहेर जाण्याच्या बाजूचा झडप पूर्ण बंद करा. पाइपात दाब आहे, प्रवाह नाही. दोन्ही भुजांतला पारा एकाच पातळीवर यायलाच हवा. येत नसेल तर जेवढा फरक उरला तेवढी तुमची चूक. फार वेळ पंप असा बंद तोंडावर चालवू नका, पाणी तापतं. बायपास असेल तर तो उघडा ठेवा.

हवा काढायचा क्रम:

१. बाहेरचा झडप अर्धवट बंद ठेवा, म्हणजे थ्रोटवरही दाब वातावरणापेक्षा जास्त राहील.

२. मॅनोमीटरच्या दोन भुजांना जोडणारा समतोल कॉक उघडा. हा उघडल्याशिवाय पुढे जाऊ नका. एका बाजूला पूर्ण दाब आणि दुसरी बाजू मोकळी अशी वेळ आली तर पारा उसळून बाहेर पडतो.

३. टॅपिंगचे दोन्ही कॉक हळूहळू उघडा.

४. मॅनोमीटरच्या माथ्यावरचे हवा सोडायचे दोन्ही कॉक उघडा. बुडबुड्यांशिवाय सलग धार येईपर्यंत पाणी जाऊ द्या. नळ्या पारदर्शक असतील तर बोटाने टिचक्या मारा. वळणांत चिकटलेले बुडबुडे सुटतात.

५. हवेचे कॉक बंद करा, मग समतोल कॉक घट्ट बंद करा.

६. वरची शून्य तपासणी पुन्हा करा.

समतोल कॉक गळका असेल तर इनलेटकडून थ्रोटकडे नळ्यांमधूनच थोडं पाणी सतत जात राहतं, क्ष कमी दिसतो आणि सीडी वर जातो. गंमत म्हणजे शून्य तपासणीत हा दोष सापडत नाही, कारण प्रवाह नसताना दोन्हीकडे दाब सारखाच असतो. संशय असेल तर प्रवाह चालू ठेवून टॅपिंगचे दोन्ही कॉक एकदम बंद करा. अडकलेला फरक जागच्या जागी राहायला हवा. पारा हळूहळू समपातळीला येऊ लागला तर समतोल कॉक गळतोय.

काढलेली हवा दहा मिनिटांत परत आली तर ती कुठून आली हे पाहायला हवं. विसर्ग मीटरच्या आधीच्या झडपाने कमी-जास्त केला आणि पुढचा झडप पूर्ण उघडा असला, की मीटरच्या पुढचा पाईप जवळजवळ वातावरणाच्या दाबावर असतो. थ्रोटचा दाब त्याहून खाली. आपल्या उदाहरणात, क्ष १०० मिमी असताना, साधारण एक मीटर पाण्याएवढा खाली जाऊ शकतो. मग थ्रोटच्या टॅपिंगचा सांधा जरा ढिला असला तरी तिथून पाणी गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. बाहेरून सगळं कोरडं दिसतं म्हणून कुणी तिकडे पाहत नाही. उपाय दोन: सांध्याला टेफ्लॉन टेप लावून घट्ट करा, आणि विसर्ग कायम मीटरच्या पुढच्या झडपानेच नियंत्रित करा.

पारा सांडलाच तर झाडूने गोळा करू नका, त्याचे बारीक थेंब पसरतात आणि वाफ होते. खिडक्या उघडा, लोकांना बाजूला करा आणि प्रयोगशाळेच्या जबाबदार व्यक्तीला सांगा.

रीडिंग घेऊन झाली असतील आणि परत जाता येत नसेल तर

सरासरी सोडून द्या आणि आलेख काढा: आडव्या अक्षावर क्ष, उभ्या अक्षावर प्रत्यक्ष विसर्गाचा वर्ग. चूक ठरावीक मिलिमीटरची असेल तर बिंदू सरळ रेषेतच पडतात, फक्त रेषा उगमबिंदूतून जात नाही. वरच्या उदाहरणात ती आडव्या अक्षाला उणे ८ मिमीवर छेदते, म्हणजे हवेची चूक थेट वाचता येते. सीडी रेषेच्या उतारावरून काढा, कारण उतारावर त्या ८ मिमीचा परिणाम होत नाही. पहिल्या आणि शेवटच्या बिंदूवरून उतार ०.००३७४ येतो (लिटर/सेकंदाचा वर्ग प्रति मिमी). सैद्धांतिक उतार ०.००३९७. भागाकाराचं वर्गमूळ ०.९७. बिघडलेल्या रीडिंगमधून खरा सीडी परत मिळाला, आणि एकही आकडा बदलावा लागला नाही. मात्र पाचही रीडिंगभर हवा तेवढीच राहिली असेल तरच हे चालतं. मध्येच एखादा बुडबुडा सुटला असेल तर एक बिंदू रेषेतून बाहेर पडलेला दिसतो.

रेषा उगमबिंदूतून जातेय, पण उतार सैद्धांतिक उतारापेक्षा जास्त आहे? मग हवेचा नाद सोडा आणि पुढे वाचा.

सगळी रीडिंग सारख्याच टक्क्यांनी वर

थ्रोटचा व्यास आधी तपासा. व्यासांचं गुणोत्तर ०.५ असताना थ्रोटच्या व्यासात १ टक्का चूक म्हणजे सीडीत २.१ टक्के. पाटीवर १२.५ मिमी लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात अर्ध्या इंचाचं, म्हणजे १२.७ मिमीचं छिद्र पाडलेलं असतं. फरक ०.२ मिमीचा, पण सीडी ३.४ टक्के वाढतो, आणि ०.९८ चा १.०१ होतो. मीटर उघडता येत असेल तर आतल्या मापाच्या कॅलिपरने दोन काटकोनी दिशांना व्यास मोजा. क्षार साचून व्यास ०.२ मिमीने कमी झाला तर हाच परिणाम उलट दिशेने, सीडी ३.४ टक्के खाली.

मग टाकी. लांबी-रुंदी बाहेरून मोजली आणि भिंत ५ मिमी जाड असली, तर ४० च्या जागी ४१ सेमी धरले जातात आणि क्षेत्रफळ ५ टक्क्यांनी फुगतं. टाकीच्या आत उभा पाईप, लाटा मोडणारी पत्रा-पट्टी किंवा कोपऱ्याचे अँगल असतील तर त्यांचं क्षेत्रफळ वजा करायला हवं. खात्रीचा मार्ग म्हणजे मोजपट्टी बाजूला ठेवणं: ज्ञात मापाच्या भांड्याने १६ लिटर पाणी टाकीत ओता आणि पातळी किती चढते ते पाहा. १० सेमी चढली तर क्षेत्रफळ बरोबर. ही चाचणी तळापासून नको, तळावर बऱ्यापैकी पाणी असताना करा, कारण निचऱ्यासाठी तळाला उतार दिलेला असतो आणि तिथे क्षेत्रफळ सारखं नसतं. त्याच कारणाने प्रयोगातही वेळ शून्य पातळीपासून मोजू नका.

दोन्ही बरोबर असतील तर मीटरवरचा बाण पाहा. व्हेंच्युरीत आत येणारा शंकू आखूड आणि जास्त कोनाचा असतो, साधारण २१ अंशांचा. बाहेर जाणारा लांब, ७ ते १५ अंशांचा. दुरुस्तीनंतर मीटर उलटा बसवला गेला तर ‘इनलेट’ टॅपिंग प्रत्यक्षात थ्रोटच्या पुढे येतं. तिथे थ्रोटमध्ये गमावलेला दाब पूर्ण परत आलेला नसतो, म्हणून क्ष कमी दिसतो. समजा तीन चतुर्थांश दाब परत आला, तर सीडी १.१२ च्या आसपास जातो. पाचही रीडिंग १.१ च्या वर आणि आकडेमोड निर्दोष असेल तर हे आधी पाहा. पाना लागत नाही, नुसती नजर पुरते.

शेवटी टॅपिंगचं छिद्र. थ्रोटमध्ये पाण्याचा वेग आपल्या उदाहरणात सुमारे ५ मी/से असतो, म्हणजे १.२७ मी पाण्याएवढी गतिज ऊर्जा. छिद्र पाडताना कडेला उरलेला खरबरा कंगोरा प्रवाहात डोकावत असेल तर त्या गतिज ऊर्जेचा छोटा वाटा दाब म्हणून नोंदला जातो किंवा उलट खेचही तयार होते, आणि चूक दोन्ही दिशांना होऊ शकते. छिद्र भिंतीला काटकोनात आणि आतून गुळगुळीत हवं. हे दुरुस्त करणं विद्यार्थ्याच्या हातात नसतं, पण नोंदवणं असतं.

क्रम नसलेली रीडिंग

स्टॉपवॉचवर १:०५ दिसलं आणि १.०५ मिनिटं म्हणून लिहिलं तर ६५ सेकंदांचे ६३ होतात, विसर्ग ३ टक्के वाढतो. १:३० चं १.३० केलं तर ९० चे ७८, आणि विसर्गात १५ टक्के वाढ. वेळ थेट सेकंदांतच लिहा.

टाकीतली वाढ म्हणजे शेवटची पातळी वजा सुरुवातीची. सुरुवातीला टाकीत ३ सेमी पाणी होतं आणि ते वजा केलं नाही, तर १० सेमीचे १३ होतात. प्रत्येक रीडिंगला सुरुवातीची पातळी वेगळी असते, म्हणून ही चूक विस्कळीत दिसते.

बोटाच्या विलंबाने सुरू आणि बंद करताना मिळून अर्धा सेकंद सहज इकडेतिकडे होतो. २६ सेकंदांत तो २ टक्के, ६ सेकंदांत ८ टक्के. जास्त विसर्गाला पातळी १० ऐवजी २० सेमी चढू द्या. वेळ किमान ३० सेकंद झालाच पाहिजे असा नियम ठेवा. टाकीच्या बाजूच्या काचनळीत पातळी थोडी मागून चढते, पण टाकी भरू लागल्यावर काही वेळाने हा मागेपणा स्थिर होतो. म्हणून निचरा बंद केल्या क्षणी नाही, तर पातळी २-३ सेमी चढल्यावर एका ठरावीक खुणेला घड्याळ सुरू करा. निचऱ्याचा झडप गळत नाही ना, हे पाणी भरून पाच मिनिटं पातळी पाहून ठरवा.

पाऱ्याच्या बाबतीत: पाऱ्याचा पृष्ठभाग फुगीर असतो, त्याचा माथा वाचा, आणि दोन्ही भुजांत डोळा त्याच पातळीवर ठेवा. क्ष मध्ये २ मिमी इकडेतिकडे झाले तर २० मिमीवर सीडी ५ टक्के हलतो, २०० मिमीवर अर्धा टक्का. त्यामुळे क्ष ४० मिमीच्या खालची रीडिंग शक्यतो घेऊच नका, किंवा घेतली तर त्यांच्यावर निष्कर्ष टांगू नका. झडप फिरवल्यावर दोन मिनिटं थांबा. क्ष टाकी भरायला सुरुवात होताना, मध्ये आणि शेवटी असा तीनदा वाचा. सतत उतरत असेल तर वरच्या टाकीतली पातळी घटतेय आणि प्रवाह स्थिर नाहीच. ते रीडिंग बाद.

तापमानामुळे पाऱ्याची घनता बदलते म्हणून १२.६ च्या जागी १२.५७ घ्यावा का, असा प्रश्न हमखास येतो. घ्या हवं तर. फरक एक दशांश टक्क्याचा आहे. एका बुडबुड्यापुढे तो कुठेच नाही.

सीडी खरोखरच १ च्या वर असू शकतो का?

तोंडी परीक्षेत याचं उत्तर ‘अशक्य’ असं दिलं जातं. ते व्यवहारात बरोबर आहे, काटेकोरपणे नाही. सूत्रात इनलेटच्या छेदावर सगळीकडे वेग सारखा धरला आहे. प्रत्यक्षात तो मधे जास्त आणि भिंतीशी शून्य असतो, त्यामुळे खरी गतिज ऊर्जा सरासरी वेगावरून काढलेल्यापेक्षा जास्त असते. खळबळत्या प्रवाहात साधारण ५ टक्के जास्त, तर संथ, थरांच्या प्रवाहात बरोबर दुप्पट. व्यासांचं गुणोत्तर ०.७५ असेल तर ५ टक्क्यांनी सीडी १.२ टक्के वर ढकलला जातो आणि घर्षण त्याहून कमी असेल तर १ ओलांडू शकतो. गुणोत्तर ०.५ ला हाच परिणाम ०.२ टक्क्याहून कमी. म्हणजे आपल्या मीटरवर आलेल्या १.०४ ला ही पळवाट लागू होत नाही.

खालच्या बाजूची मर्यादाही लक्षात असू द्या. आयएसओ ५१६७ मानकात यंत्रावर कातलेल्या व्हेंच्युरीचा गुणांक ०.९९५ दिला आहे, पण तो ५० ते २५० मिमी पाईप आणि २ लाखांपासून १० लाखांपर्यंतच्या रेनॉल्ड्स अंकासाठी (वेग, व्यास आणि द्रवाचा चिकटपणा यांवरून काढलेला, प्रवाह किती खळबळता ते सांगणारा अंक). आपल्या २५ मिमी पाइपात क्ष १०० मिमी असताना रेनॉल्ड्स अंक जेमतेम ३१,००० असतो. तिथे घर्षणाचा वाटा मोठा, म्हणून ०.९५ ते ०.९८ हीच निरोगी कक्षा. विसर्ग कमी होताना सीडी थोडा उतरणं हेही खरं वर्तन आहे, शून्य तपासणी स्वच्छ असेल तर त्याला दोष समजू नका. पाचही रीडिंगला नेमका ०.९८ लिहिलेला तक्ता मात्र दुसऱ्यांदा तपासावा, कारण तसं यंत्र सहसा वागत नाही.